सारख्याच चुका

दोघी बहिणींमध्ये सव्वा वर्षाचं अंतर होतं, पण शाळेत त्या एकाच वर्गात होत्या. थोरलीला सातवीत कावीळ झाली, तिचं वर्ष बुडालं आणि धाकटी मागून येऊन तिच्याच बाकावर बसली. थोरलीला घरात सगळे ताई म्हणत, आईबाबासुद्धा. धाकटी बारकी. पुढे ती ताईपेक्षा चार बोटं उंच झाली, तरी बारकीच राहिली.

एका वर्गात आल्यामुळे ताईचं थोरलेपण कमी झालं नाही, उलट वाढलं. प्रत्येक धडा आधी ती वाचणार, मग बारकीला समजावणार, मग तिच्याकडून म्हणवून घेणार. बारकीला ते आवडायचं. पुस्तकातलं वाक्य तिच्या डोक्यात शिरायचं नाही, पण तेच ताईच्या तोंडून आलं की चिकटायचं. वर्गातल्या बाई गमतीने म्हणायच्या, "एकीला विचारलं की दोघींना मार्क देऊन टाकावेत."

बाबा दातांच्या कवळ्या बनवायचे. घराची पुढची खोली हाच त्यांचा कारखाना. दंतवैद्यांकडून पेशंटच्या तोंडाची मापं यायची. बाबा त्यात प्लास्टर ओतायचे, साच्यावर गुलाबी मेण चढवायचे आणि मेणात एकेक दात बसवायचे. फळीवर अनोळखी लोकांचे जबडे ओळीने मांडलेले असायचे. कवळी टोचते म्हणून एखाद्या डॉक्टरचा फोन आला की बाबा शांतपणे ऐकून घ्यायचे, आणि फोन ठेवल्यावर साचा हातात घेऊन म्हणायचे, "माप खोटं बोलत नाही. माणूस बोलतो." आई मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात होती. पहाटे जायची, दुपारी यायची, आणि आल्यावरही तिच्या हातांना त्या गरम चादरींचा वास असायचा.

परदेशातल्या कॉलेजांचं खूळ ताईच्या डोक्यात शिरलं ते शाळेतल्या मार्गदर्शक बाईंमुळे. त्यांनी वर्गात सांगितलं, की तिकडची कॉलेजं बाहेरच्या देशांतल्या मुलांनाही घेतात, हुशार असेल तर फी माफ करतात. मात्र तिकडच्या मुलांच्या बरोबरीने एक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. इंग्रजी आणि गणित, बहुतेक प्रश्न चार पर्यायांचे. ताईने घरी येऊन जाहीर केलं, "आम्ही देणार." आम्ही म्हणजे कोण, ते बारकीला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती.

क्लास लावायचा प्रश्नच नव्हता. रद्दीच्या दुकानातून ताईने एक जाडजूड पुस्तक आणलं. त्याला कव्हर नव्हतं, मागची उत्तरांची पानं कुणीतरी फाडून नेली होती. "बरंच झालं," ताई म्हणाली. "उत्तरं बघायचा मोह नको."

अभ्यास चालायचा स्वयंपाकघरात, कारण पुढच्या खोलीत बाबांचं पॉलिशचं मशीन घरघरत असायचं. ते सुरू झालं की घरात एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागे. त्यामुळे शब्दसुद्धा ओरडूनच पाठ व्हायचे.

"एनर्व्हेट!"

"एनर्जी भरणे! ताकद आणणे!"

"नॉनप्लस्ड!"

"कशाचंच काही न वाटणे!"

आई ओट्याशी भाजी चिरत असे. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण महिन्याभरात तिलाही शंभर-दीडशे शब्द पाठ झाले. बारकी अडली की ती सुरी थांबवून अर्थ सांगायची आणि दोघी हसायच्या. ते अर्थ बरोबर होते की चूक, हे तिघींनाही ठाऊक नव्हतं. शब्दाच्या आवाजावरून जो अर्थ ताईला सुचेल तो घरात कायम व्हायचा, मग एनर्व्हेटचा खरा अर्थ नेमका उलटा, ताकद काढून घेणे, का असेना.

व्याकरणाचंही तसंच. वाक्यात स्वल्पविराम कुठे द्यायचा, हे पुस्तकात चार पानं भरून होतं. ताईने ती चार पानं एका ओळीत आणली. "मोठ्याने वाचायचं. जिथे श्वास घ्यावासा वाटेल, तिथे स्वल्पविराम." बारकीने विचारलं, "आणि सर्दी झाली असेल तर?" ताईने तिला चापट मारली. पण नियम तोच राहिला. गणितात वेळ पुरला नाही तर काय, त्यालाही ताईचं उत्तर तयार होतं. "शेवटची दोन मिनिटं राहिली की उरलेल्या सगळ्या प्रश्नांना तिसरा पर्याय. विचार करायचा नाही, डोळे मिटून तिसरा."

गणितात मात्र बारकी हळूहळू पुढे जायला लागली. सरावाच्या पेपरात तिची जास्त गणितं सुटायची. ताई तपासताना एकदा म्हणाली, "माझ्यापेक्षा जास्त." आणि पान उलटलं. पुढच्या वेळी तिने बारकीला आपला पेपर दाखवला नाही.

परीक्षा शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेच्या हॉलमध्ये होती. आडनावाप्रमाणे बाकं लावली होती. ताई पुढे, बारकी बरोबर तिच्या मागे. बारकीला आधी बरं वाटलं. ताईची वेणी आणि झुकलेले खांदे समोर दिसत होते, म्हणजे सगळं नेहमीसारखंच होतं. नंतर पेपर हातात आला आणि तिने एकदाही मान वर केली नाही.

परत येताना बसमध्ये दोघींनी आठवतील तेवढी उत्तरं ताडून पाहिली. जुळलं की टाळी. त्या दिवशी इतक्या टाळ्या झाल्या की पुढच्या सीटवरचा म्हातारा वळून म्हणाला, "अगं पोरींनो, लग्नबिग्न ठरलं काय कुणाचं?"

निकालाच्या दिवशी वर्गातल्या बाकीच्यांचे गुण कळले. या दोघींच्या नावापुढे एकच ओळ होती, निकाल राखून ठेवला आहे. पाठोपाठ परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा मेल आला. मागेपुढे बसलेल्या दोन उमेदवारांची उत्तरं संशयास्पद प्रमाणात जुळतात, विशेषतः चुकलेली उत्तरं. गणिताच्या शेवटच्या भागातले ओळीने सगळे पर्याय एकसारखे आहेत.

मार्गदर्शक बाईंनी बाबांना शाळेत बोलावून घेतलं. ताईला एका कॉलेजने पूर्ण फीमाफी देऊ केली होती, फक्त या परीक्षेचा निकाल महिनाअखेर पोचायला हवा होता. बारकीच्या अर्जांना अजून उत्तर नव्हतं.

"खुलासा पाठवता येतो," बाई म्हणाल्या. "एकत्र अभ्यास केला, एका घरात राहतात, वगैरे. पण तसं सगळेच लिहितात हो. चौकशी संपेपर्यंत वर्ष हातातून जाईल. पुन्हा परीक्षा द्यायची तर तीही मुदतीनंतरच आहे."

"मग करायचं काय?" बाबांनी विचारलं.

बाई थोडा वेळ काचेच्या पेपरवेटशी खेळत बसल्या. "जिने पाहिलं असेल तिने कबूल केलं, तर दुसरीचा निकाल सोडतात. मी फक्त नियम सांगतेय."

बाबा घरी आले आणि कपडेही न बदलता कारखान्यातल्या आपल्या स्टुलावर बसले. आई नुकतीच कामावरून आली होती. बाबांनी दोघींना समोर उभं केलं आणि सगळं सांगितलं. मग विचारलं, "कोणी बघितलं?"

"बाबा, कोणीच नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "आम्ही कशाला बघू?"

"अगं, कागद समोर आहे. इतकी उत्तरं आपोआप जुळत नाहीत. मी ओरडणार नाही. मला फक्त खरं सांगा."

बारकीला त्या क्षणी सगळं स्वच्छ दिसलं. एनर्व्हेट. श्वास घेतला की स्वल्पविराम. डोळे मिटून तिसरा पर्याय. तिला सांगता आलं असतं. तिने तोंड उघडलंही. पण बाबांच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिच्या ओळखीचं होतं. साचा हातात घेतल्यावर तो चेहरा असाच व्हायचा, समोरच्याचं काही ऐकायचं नाही हे ठरलेलं असायचं. आणि बाबांना पटून तरी काय उपयोग? ते तिकडच्या लोकांना पटायला हवं होतं, आणि तेही महिन्याच्या आत.

तिने ताईकडे पाहिलं. ताईचे ओठ पांढरे पडले होते. सातवीतल्या काविळीत ती अशी दिसायची. पुन्हा एक वर्ष, असंच तिच्या मनात चाललं असणार.

"मी बघितलं," बारकी म्हणाली.

आई दारात उभी होती. तिने चौकट धरली.

बाबांनी मान खाली घातली. बारकीला वाटत होतं, आता ताई बोलेल. वेड्यासारखं काय बोलतेस म्हणेल, हाताला धरून मागे ओढेल. मग आपण हट्ट धरू, रडारड होईल, आणि शेवटी काय व्हायचं ते होईल. पण ताई वळली आणि म्हणाली, "कधी?"

"काय कधी?"

"कधी बघितलंस? गणिताच्या वेळी?"

बारकीला आधी वाटलं, ही बाबांसमोर नाटक करतेय. तिने ताईच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे नाटक नव्हतं. तिथे एक घाई होती, पाण्यात पडलेल्या माणसाच्या हाताला काहीतरी लागावं तशी.

"हो," बारकी म्हणाली. "गणिताच्या वेळी."

कबुलीचा मेल मार्गदर्शक बाईंच्या खोलीत बसून लिहिला गेला. बाईंनीच मसुदा सांगितला, बारकीने टाइप केला. आठवड्याभरात ताईचा निकाल सुटला. बारकीचा रद्द झाला आणि पुढची काही वर्षं तिला त्या परीक्षेला बसायला मनाई झाली. आपल्याला किती गुण पडले होते, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिने ज्या दोन कॉलेजांत अर्ज केले होते तिथे शाळेनेच कळवून टाकलं. वर्गात पोरांनी तिचं नाव झेरॉक्स ठेवलं. ती जवळून गेली की कुणीतरी तोंडाने मशीनचा आवाज काढायचं. ताई तेव्हा शेजारच्याच बाकावर असायची, आणि वहीत काहीतरी लिहीत असायची.

ताई जायची तयारी सुरू झाली. घरात बॅग उघडी पडलेली, तिच्याभोवती कपड्यांचे ढीग. एकदा दोघीच खोलीत असताना बारकीने स्वेटरची घडी घालता घालता म्हटलं, "ताई, ते मी बाबांना बोलले ना..."

"जाऊ दे ग," ताई चटकन म्हणाली. "झालं ते झालं. मी तुझ्यावर रागावले नाहीये."

बारकी स्वेटर हातात धरून बसून राहिली. मग तिने तो बॅगेत ठेवला.

ताई गेल्यावर घर मोठं वाटायला लागलं. बारकीने जवळच्या कॉलेजात नाव घातलं आणि उरलेल्या वेळात बाबांच्या हाताखाली काम शिकू लागली. तिला ते जमलंही. मेणात दात बसवताना तिचा हात थरथरत नसे. पण बाबा आधी तिला दवाखान्यांतून पैसे आणायला पाठवायचे, आता ते स्वतः जायचे. तिने कवळी पाठवायची डबी बांधून ठेवली की ती पुन्हा सोडून आत बघायचे. कधी एका शब्दाने टोचून बोलले नाहीत. उलट बाहेरून येताना तिच्यासाठी खाऊ आणायचे, पंखा तिच्याकडे वळवून ठेवायचे, आजारी माणसाशी वागावं तसे मऊ वागायचे. एकदा जेवताना म्हणाले, "चूक कुणाच्या हातून होत नाही? तू मनाला लावून घेऊ नकोस." बारकीने ताटातून मान वर केली नाही.

ताईचे फोन सुरुवातीला रोज यायचे, मग रविवारी, मग आठवण झाली की. आई स्पीकर लावायची. ताई तिकडच्या थंडीबद्दल, लायब्ररीबद्दल, खोलीतल्या मुलीच्या घोरण्याबद्दल सांगायची. बारकीसाठी शेवटी ठरलेला प्रश्न यायचा, "तुझं काय चाललंय?" आणि बारकीचं ठरलेलं उत्तर, "नेहमीचंच."

चार वर्षांनी ताई शिक्षण संपवून, नोकरी पक्की करून सुट्टीला घरी आली. केस कापले होते, चष्मा लागला होता. शेजारच्या काकू त्यांच्या मुलीला घेऊन आल्या. ती मुलगी तीच परीक्षा देणार होती. ताईने तिला समोर बसवून तासभर सगळं समजावलं. बारकी चहा घेऊन आली तेव्हा ताई हसत सांगत होती, "आणि एक लक्षात ठेव, मान वर करायची नाही. पुढच्याचं बघायचं नाही. आमच्या घरात एकदा झालंय, फार महागात पडलं."

काकूंनी बारकीकडे पाहिलं आणि घाईने कप उचलला.

त्या दोघी गेल्यावर बारकी स्वयंपाकघरात आली. आई ओट्याशी होती. ताई मागोमाग रिकामे कप घेऊन आली आणि तिचा चेहरा बघून म्हणाली, "अगं, मी सहज बोलले. तिला भीती बसावी म्हणून. तू अजून तेच धरून बसलीयस का?"

"ताई, मी बघितलं नव्हतं."

ताईने कप सिंकमध्ये ठेवले. एकेक करून ठेवले. "काय?"

"परीक्षेत. मी मान वर केली नव्हती. आपण एकच पुस्तक वाचलं, तूच शिकवलंस. जे तुझं चुकलं तेच माझं चुकलं. शेवटचे सगळे तिसरे पर्याय तू सांगितलेस म्हणून. तुला खरंच कळलं नव्हतं?"

बारकीला ताईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललेलं दिसलं. मग ते थांबलं.

"असं आता बोलू नकोस," ताई म्हणाली. "तूच कबूल केलंस. सगळ्यांसमोर."

"तुझं वर्ष जात होतं म्हणून."

"मी मागितलं होतं का तुझ्याकडे?" ताईचा आवाज चढला. "तुला माहितीय, तिकडे पहिल्या वर्षी मी कशी राहिले? माझ्या सख्ख्या बहिणीने माझ्या पाठीमागे बसून माझं चोरलं, हे घेऊन राहिले मी. कुणाला सांगता येत नव्हतं. तुला माफ करायला मला किती दिवस लागले, ठाऊक आहे? आणि आता तू म्हणतेस, तसं नव्हतंच. मग मी कोण ठरते?"

याचं उत्तर दोघींनाही माहीत होतं. आईने गॅस बारीक केला. भांड्यात काहीतरी खदखदत राहिलं. ताई डोळे पुसत बाहेर गेली, आणि थोड्या वेळाने पुढच्या खोलीतून बाबांशी तिचं काहीतरी हसून बोलणं ऐकू आलं. पॉलिशचं मशीन सुरू झालं आणि ते बोलणंही त्यात बुडालं.

"मला माहीत होतं," आई म्हणाली.

बारकीने वळून पाहिलं.

"त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही काय घोकत होतात ते मी ऐकत होते ना रोज. दोघींचं तोंड एकच होतं." आई पदराला हात पुसत होती, कोरडे झालेले हात पुन्हा पुन्हा पुसत होती.

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुझ्या बाबांनी खोट्या कबुलीवर ताईला पाठवलं नसतं. दोघी घरी बसल्या असत्या." ती थांबली. "मला वाटलं, एक तरी जाईल. तू माझ्याजवळ राहशील. मी असाही विचार केला, बारके. खोटं कशाला बोलू?"

बारकीला रडू आलं नाही. तिला फार थकल्यासारखं झालं, आणि ती तिथेच खालच्या स्टुलावर बसली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण डोकं त्या हाताकडे झुकवलंही नाही.

"बाबांना सांगू?" आईने विचारलं.

बारकीने दाराकडे पाहिलं. चार वर्षं त्या माणसाने चोर समजूनही तिला जीव लावला होता. प्रश्न त्यांनीच विचारला होता, आणि उत्तर ऐकण्याआधीच ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आता खरं कळलं तर ते काय करतील? मशीन बंद करतील, स्टुलावर बसतील आणि उठणार नाहीत.

"नको," ती म्हणाली.

ताई ठरलेल्या दिवशी परत गेली. निघताना तिने बारकीला मिठी मारली, जरा जास्तच घट्ट, आणि गाडीत बसली. नंतर बरेच दिवस तिचा फोन आला नाही. मग आईचे गुडघे धरले, चढउतार जमेना, धुलाई विभागातली नोकरी सोडायची वेळ आली, तेव्हा डॉक्टर कुठला, औषध कुठलं, यावरून दोघी बहिणींचं पुन्हा बोलणं सुरू झालं. आता ताई बारकीलाच फोन करते. आईने गोळ्या घेतल्या का विचारते, बाबांच्या खोकल्याचं विचारते, पैसे पाठवू का म्हणते. बारकी नको म्हणते. दुसरं काही कुणी काढत नाही.

बारकीची परीक्षेची मनाई केव्हाच संपली आहे. मार्गदर्शक बाईंनी एकदा रस्त्यात गाठून सांगितलंही, "अजून वय आहे तुझं, पुन्हा बस." बारकी हो म्हणाली, आणि दवाखान्यात पोचवायची डबी घट्ट धरून पुढे चालू लागली. डबी बांधल्यावर बाबांनी ती पुन्हा उघडून पाहिली होती. आत वरची कवळी, खालची कवळी, सगळं जिथल्या तिथे होतं.